डावा डोळा मिटून

समोरच्या इमारतीचं ग्रील वाकलं तेव्हा व्हिक्टरच्या हातात दुकानातला सगळ्यात चांगला कॅमेरा होता. ग्रील कुणाचं तरी, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीचं, पांढऱ्या रंगाचं, उभ्याआडव्या सळ्यांचं. त्यावर दोन टॉवेल आणि एक शाळेचा गणवेश वाळत घातला होता. डावा डोळा मिटून आणि उजवा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावून तो बघत होता, आणि मधल्या तीन सळ्या बाहेरच्या बाजूला फाकल्या होत्या, चोराने आत शिरण्यासाठी फाकवाव्यात तशा. त्याने कॅमेरा खाली घेतला. ग्रील सरळ होतं. टॉवेल हलत होते. खाली नया नगरकडे वळणाऱ्या रिक्षा एकमेकींवर भोंगे वाजवत होत्या. त्याने पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला आणि सळ्या पुन्हा वाकल्या. त्याच तीन, त्याच जागी. मग त्याने एक शहाणपणाचं काम केलं. लेन्स खराब आहे असं ठरवलं आणि दिपेशला दुसरी मागितली.

दिपेशचं हे दुकान मीरा रोडला, आणि व्हिक्टर त्याचं गेल्या अकरा वर्षांचं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणण्यापेक्षा डोकेदुखी. एक फिल्टर घ्यायचा तर हा माणूस चार शनिवार येऊन तो उन्हात धरून बघणार. कारखान्यात स्टोअर सांभाळून सांभाळून प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून घेण्याची त्याला खोडच लागली होती. यावेळी तर तीन महिने त्याने वही ठेवली होती. कुठल्या कॅमेऱ्याचं वजन किती, पकड कशी, अंधारात चित्र किती रवाळ येतं, उत्तनच्या खाऱ्या हवेत बटणं किती वर्षं तग धरतील, चेण्याच्या रानात पक्षी उडाला तर सेकंदाला किती फ्रेम निघतील. रविवारी पहाटे त्याच्याबरोबर पक्षी टिपायला येणारा परेश त्याला म्हणायचा की एवढ्या चौकशीत माणसाने मुलीचं लग्न ठरवलं असतं. वहीच्या शेवटच्या पानावर दोन नावं उरली होती. आज रजा टाकून तो त्यातलं एक निवडायला आला होता.

जुना कॅमेरा बिघडला होता, म्हणून ही सगळी उठाठेव. नऊ वर्षं बिचाऱ्याने खारी हवा खाल्ली, आणि गेले सहा महिने त्याच्यातून बघितलं की मधोमध धुरकट दिसायचं. आधी व्हिक्टरने काच पुसली. मग खिडकीशेजारचं ते बारीक चाक फिरवलं, ज्याने चष्म्याच्या नंबराप्रमाणे दिसणं जुळवता येतं. एक घर फिरवलं की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा धूर. असं करत करत चाक शेवटाला जाऊन अडलं. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा दोन दिवस ठेवून घेतला आणि काही झालेलं नाही म्हणून परत दिला. व्हिक्टरने त्याला मनातल्या मनात लबाड ठरवलं. गंमत अशी की फोटो चांगले यायचे. कॉम्प्युटरवर बघितलं तर बगळ्याचं पीसन् पीस मोजता यावं. याचं त्याला नवल वाटायचं, आणि तेवढ्यावरच तो थांबायचा. घरी तो कॅमेऱ्याला बोल लावायला लागला की त्याची बायको फ्लेव्हिया म्हणायची, नाचता येईना, अंगण वाकडं. तीही हसायची, तोही हसायचा.

दुसरी लेन्स लावली. सळ्या वाकड्या. मग दिपेशने वहीतला दुसरा कॅमेरा काढून दिला. वाकड्या. तिसरा, जो व्हिक्टरला घ्यायचाच नव्हता, तोही त्याने मागून घेतला. दिपेशला वाटलं की हा नेहमीचा चोखंदळपणा चाललाय. त्याने संधी साधून आपलं घोडं पुढे दामटलं. "व्हिक्टरभाई, सच बोलू? डीएसएलआर आता कोण घेतो? सगळे मिररलेस घेऊन जातात. यात बघा, स्क्रीन आहे आतमध्ये. फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. अंधार असेल तर उजेड करून दाखवतो, बारीक असेल तर मोठं करून दाखवतो." एरवी व्हिक्टरने यावर अर्धा तास वाद घातला असता. त्याला आरसावालाच कॅमेरा हवा होता. त्यात उजेड लेन्समधून येतो, आरशावर आपटतो, काचेतून वळतो आणि सरळ तुमच्या डोळ्यात शिरतो. मधे कुणी नाही. जे आहे ते दिसतं. ते स्क्रीनचं दिसणं म्हणजे कुणीतरी बघून आल्यावर आपल्याला सांगणं, असं तो परेशला नेहमी पटवून द्यायचा. आज तो पुन्हा त्या ग्रीलकडे वळला. जे आहे ते दिसतं, हेच वाक्य त्याच्या डोक्यात उभं राहिलं.

कारण घरचा जुना धरून चार कॅमेरे एकाच जागी बिघडत नाहीत. स्टोअरमध्ये चार खोक्यांचं वजन चुकलं तर तो पहिल्यांदा काटा तपासायचा. त्याने हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये असा, कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. आयुष्यात पहिल्यांदा. नाक मागच्या पडद्याला दाबलं गेलं, अंगठा गालात रुतला, डावखुऱ्याच्या कात्रीने कापड कापायला बसावं तसं वाटलं. ग्रील सरळ होतं. प्रत्येक सळी सरळ, गणवेशाचं प्रत्येक बटण आपल्या जागी. हातातली वस्तू पडेल म्हणून त्याने ती काउंटरवर ठेवली. एवढी वर्षं दोन्ही डोळे मिळून बघत आले होते आणि एकाचं उणं दुसऱ्याने झाकलं होतं, जसं घरात एका भावाचं दारू पिणं दुसरा झाकतो. उजवा डोळा एकटा पडायचा तो फक्त कॅमेऱ्यापाशी. तिथे त्याने सहा महिने सांगून बघितलं, आणि व्हिक्टर चाक फिरवत बसला. दुसरा कुणी असता, ज्याला एक डोळा मिटून बघायची सवय नाही, तर त्याला कळलंच नसतं. आणि ज्याला सवय होती त्याने कॅमेरा दुरुस्तीला टाकला.

त्याने दिपेशला बाहेर बोलावून ते ग्रील सरळ आहे ना, असं विचारलं. दिपेशने कॅमेरा लावून बघितलं, एकदम सीधा म्हणाला, आणि का विचारता म्हणून त्याच्याकडे बघितलं. व्हिक्टर म्हणाला, सहज. मग बरंच काही बोलला, पकड चांगली आहे, शटरचा आवाज मऊ आहे, उगाचच. दिपेशने पहिलाच कॅमेरा खोक्यात घालून त्याच्या हातात दिला. घरी न्या, दोन दिवस चालवा, पटलं तर ठेवा, तुमच्याशी काय लिखापढी करायची. व्हिक्टरला तो परत करता आला असता. पण परत केला तर का ते सांगावं लागलं असतं.

भाईंदर पश्चिमेला उत्तनची बस मिळाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खिडकीची जागा मिळाली, मांडीवर खोकं घेतलं. मुर्धा गेलं, राई गेलं. नको नको म्हणत असताना त्याने रुमाल काढला, कचरा गेल्यासारखं करून डावा डोळा झाकला आणि बाहेर बघितलं. मिठागरांचे बांध. ते तर दोरी धरून घातलेले असतात, ते त्याने शेकडो वेळा टिपले होते. मधला बांध साप पाण्यातून जावा तसा जात होता. रुमाल काढला, बांध सरळ. पुन्हा झाकला. पुढच्या सीटचा दांडा मधे फुगला. कंडक्टर तिकीट द्यायला आला तर त्याची टोपी दिसली, बिल्ला दिसला, आणि मधे चेहरा असायला हवा तिथे धड काही दिसेना. व्हिक्टरने सुट्टे पैसे त्याच्या हाताऐवजी हवेत धरले. हे त्याने सात वेळा केलं, आठ वेळा केलं. प्रत्येक वेळी वाटायचं की आता बरं असेल, झोप झाली नाही म्हणून असेल, सकाळी चहाबरोबर काही खाल्लं नाही म्हणून असेल. प्रत्येक वेळी भीती पहिल्यापासून सुरू व्हायची. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, कारण दुखणाऱ्या डोळ्याला कुणी विचारत नाही की तुझ्या बापसाला काय झालं होतं.

त्याचा बापूस तांडेल होता, बोटीचा मुख्य, सुकाणूवरचा माणूस. उत्तनच्या किनाऱ्याला शिरायची वाट अरुंद, दोन्हीकडे पाण्याखाली खडक. बापूस खुणेने यायचा. चर्चवरचा क्रूस आणि मागच्या टेकडीवरचा एकटा ताड एका रेषेत ठेवले की बोट वाटेवर. ताड क्रूसाच्या उजवीकडे सरकला तर खाली खडक. ही खूण त्याच्या बापाची, त्याच्याही बापाची. व्हिक्टर चौदाचा असताना, ऑक्टोबरच्या सुट्टीत, बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळ बसला होता. भर दुपार, हवा स्वच्छ. त्याला लख्ख दिसलं की ताड उजवीकडे सरकलाय. त्याने मागे वळून बघितलं तर बापूस मान एका बाजूला कलती करून, कावळा भाताच्या पिंडाकडे बघतो तसा, किनाऱ्याकडे बघत होता. कित्येक आठवडे तो असाच बघत होता. जेवताना ताटाकडे, आयच्या तोंडाकडे, सगळ्याकडे तिरपं. व्हिक्टरच्या ओठावर शब्द आला होता. पण तांडेलाला वाट सांगायची, तीही पोराने, खलाशांसमोर, ही रीत नव्हती. त्याने तो शब्द गिळला. मग बोटीच्या पोटातून जो आवाज आला तो अजून कधीकधी त्याला जिना चढताना ऐकू येतो. मेलं कुणी नाही. धर्मा खलाशाचा पाय दोन फळ्यांमध्ये सापडला आणि तो जन्मभर लंगडत चालला. बापूस पाण्यातून बाहेर येऊन वाळूत उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "ताड हालला." कुणी हसलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. पुढच्या हंगामात सुकाणूवर मामा उभा राहिला, आणि बापूस ओट्यावर बसून हाताने चाचपून जाळी विणायला लागला. गुडघे दुखतात म्हणायचा. गुडघ्यांना काही झालं नव्हतं.

त्याहून जुनी, त्याहून वाईट आठवण होती, ती डोंगरीच्या चढावर बस घरघरायला लागली तेव्हा आली. अपघाताच्या आधीच्या महिन्यात आय वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेला जायची तयारी करत होती, आणि व्हिक्टरला तिच्या पेटीत रुमालात बांधलेले मेणाचे डोळे सापडले. ज्याचं जे दुखतं त्याचं मेणाचं करून वाहायचं, पाय, हात, काळीज. हे दोन डोळे पिवळट, बोटाएवढे, मधे टिकलीसारखी बाहुली. कुणाचे म्हणून विचारल्यावर शेजारणीच्या आईचे म्हणाली. म्हणजे आयला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून बापसाला बोटीवर जाऊ दिलं, कारण बोलणं म्हणजे त्याच्या हातातलं सुकाणू काढून घेणं. आता आपल्या हातातलं कोण काढून घेणार, असा विचार व्हिक्टरच्या मनात आला आणि त्याने मांडीवरचं खोकं घट्ट धरलं. त्याने ठरवलं की कुणाला सांगायचं नाही. डावा डोळा आहे. डाव्याने टिपायला शिकायचं. एक डोळा पुरतो कॅमेऱ्याला, नाहीतरी दुसरा मिटावाच लागतो. कंपनीच्या तपासणीत अक्षरं पाठ करता येतील. कुणीतरी एकदा सांगितलं होतं की अशा दुखण्यावर आता डोळ्यातच सुई देतात, लवकर गेलं तर उरलेलं राखता येतं. लवकर म्हणजे किती लवकर, सहा महिने लवकर की उशीर, हे त्याला कुणाला विचारायचं नव्हतं.

फ्लेव्हिया ओट्यावर बोंबील साफ करायला बसली होती. खोकं बघून तिने हात धुतले, पदर नव्हताच, गाऊनलाच पुसले, आणि नेहमीच्या जागी, दाराच्या डाव्या बाजूला उजेडात येऊन बसली. ही त्यांच्या घरची रीत होती. नवीन कॅमेऱ्यातला पहिला फोटो तिचा. पहिला कॅमेरा रिळाचा, लग्नानंतरच्या महिन्यात घेतलेला. मग दुसरा, तिसरा. दर वेळी ती केस न विंचरता बसायची, कारण विंचरून काढलेला फोटो कॅमेऱ्याची परीक्षा नसते, असं त्यानेच एकदा तिला सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षांचे चेहरे त्याच्याकडे होते. हनुवटीवरचा व्रण, जॉय पोटात असतानाचे सुजलेले गाल, तिची आई गेली त्या आठवड्यातलं कोरडं तोंड. त्याने कॅमेरा काढला, पट्टा गळ्यात घातला. नेहमीसारखं कोपर बरगडीला टेकवलं. मग कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. तिचा चेहरा स्वच्छ दिसला, पापणीच्या केसापर्यंत. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने लागोपाठ तीन फोटो काढले. सगळं जमेल, असं वाटलं. कॅमेरा खाली घेतला तेव्हा ती त्याच्याकडे बघत होती, फोटोसाठी बघतात तशी नाही.

"तू आज डावा डोला मिटला न्हाय," फ्लेव्हिया म्हणाली.

तो म्हणाला, नवीन मॉडेल आहे, याला असंच धरतात. स्वतःला ऐकूनच त्याला लाज वाटली. अठ्ठावीस वर्षं कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला बसलेल्या बाईला हा माणूस कॅमेऱ्याबद्दल थाप मारत होता. कॅमेऱ्यातून काय दिसतं ते त्याला माहीत असेल, पण कॅमेऱ्यामागचं तोंड तिच्याइतकं कुणी बघितलं नव्हतं. कुठला डोळा मिटतो, मिटताना गालाला कशी चुणी पडते, श्वास कधी धरतो, सगळं. ती उठून त्याच्यासमोर आली. गेले कितीतरी दिवस तो आपल्या तोंडाकडे नाही, कानाकडे बघून बोलतो, हे ती शांतपणे म्हणाली, जसं डाळीत मीठ कमी आहे म्हणावं. आपल्याला आधी वाटलं की मनात काही आलंय, रागबिग. मग तिने वाकून आपला तळवा त्याच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. पाण्याने गार पडलेला, बोंबलाचा वास असलेला तळवा.

"मी आता हसतेय का रडतेय, सांग."

व्हिक्टरने बघितलं. कानातली सोन्याची कुडी दिसली. कपाळावर सुटलेली बट, गाऊनची निळी गळपट्टी, मागे दाराची चौकट, तीही मधे पोट आत घेतल्यासारखी वाकलेली. आणि या सगळ्याच्या मधोमध, जिथे त्याने सगळ्यात जास्त वेळा फोकस लावला होता, तिथे ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखं काहीतरी होतं. त्याने मान थोडी कलती केली तर गालाची एक कड आली आणि गेली. तो तिचा श्वास ऐकायला लागला. हसताना तिच्या नाकातून आवाज येतो, तो नव्हता. रडताना ती आवंढा गिळते, तोही नव्हता. दोनातलं एक सांगून टाकावं, निम्मी शक्यता तर आहे. ती हसत असणार, अशा वेळी ती नेहमी हसते. किंवा कॅमेऱ्याला बोल लावावा, पट्ट्याला, उन्हाला. बापसाचे ते दोन शब्द त्याच्या जिभेवर अगदी तयार होते, आणि त्याला कळलं की वाळूत उभं राहून ते म्हणताना बापूस खोटं बोलत नव्हता. त्याला ताड हललेलाच दिसला होता. फक्त एकटं बघायचं त्याच्या वाट्याला आलं होतं, आणि शेजारी बसलेल्या पोराने तोंड उघडलं नव्हतं.

"न्हाय दिसत," तो म्हणाला.

तिने हात लगेच काढला नाही. किती दिवस झाले विचारलं, त्याने सहा महिने सांगितलं. मग हात निघाला आणि डाव्या डोळ्याला ती दिसली. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. ती घाबरली होती. एवढ्या सगळ्या फोटोंमध्ये हा चेहरा त्याच्याकडे एकदाही आलेला नव्हता, आणि कॅमेरा गळ्यात असूनही तो उचलायचं त्याला सुचलं नाही. फ्लेव्हियाने पट्टा त्याच्या डोक्यावरून काढला, कॅमेरा खोक्यात नीट ठेवला आणि म्हणाली, "हा ठेवायचा का परत द्यायचा ते मागून बघू. भाईंदरचा डॉक्टर पाचला बसतो. उठ, शर्ट बदल." आणि बोंबलाचं पातेलं घेऊन आत गेली.

तो उठला नाही. आतून गॅस बंद केल्याचा, कपाट उघडल्याचा, पर्स शोधल्याचा आवाज येत होता. व्हिक्टरने डावा डोळा मिटला. मुद्दाम मिटला, रुमालाआड नाही, कुणाची चोरी नाही. समोर दाराची वाकलेली चौकट होती. थोड्या वेळाने त्या चौकटीतून एक बाई बाहेर आली. तिला चेहरा नव्हता. हातात पर्स होती, आणि चालताना डावा पाय किंचित जास्त टेकवत होती, जशी फ्लेव्हिया टेकवते. तरी त्याने दुसरा डोळा उघडला नाही. ती जवळ येऊन त्याचा दंड धरेपर्यंत तो तसाच बघत राहिला.